पहिली नोकरी, पहिलं बिऱ्हाड: गावाकडून पुण्यात येताना

लातूर, सांगोला, चाळीसगाव, कुठूनही मुलगा किंवा मुलगी पुण्याला नोकरीसाठी निघाली की घरात दोन प्रश्न हमखास निघतात: राहायचं कुठे आणि जेवणाचं काय? तिसरा प्रश्न क्वचितच कोणी काढतं, तो म्हणजे पहिला पगार हातात येईपर्यंत चालायचं कशावर. आणि चौथा तर कोणाच्या डोक्यातही येत नाही. आजवर घरात जी कामं आपोआप होत होती, ती नेमकी कोण करत होतं?

हा लेख त्या मागच्या दोन प्रश्नांसाठी जास्त आहे. उदाहरण पुण्याचं घेतलंय, कारण इथल्या जागांची आणि एजंटांची रीत मला माहीत आहे. भाडेकराराचा कायदा सगळ्या महाराष्ट्राला एकच, त्यामुळे नाशिकला किंवा मुंबईला निघालेल्यांनाही बहुतेक गोष्टी लागू पडतील. रकमा मात्र उदाहरणादाखल धरा. कोथरूड आणि वाकडचं भाडं सारखं नसतं.

निघण्याआधीचा महिना

ऑफर लेटर हातात पडल्यापासून रुजू होईपर्यंत काही आठवडे मिळतात. ते सहसा मित्रांच्या पार्ट्यांत आणि नातेवाइकांच्या पाया पडण्यात जातात. त्याऐवजी हा एक महिना घर तुम्ही चालवा. गॅस तुम्ही बुक करा, लाइट बिल तुम्ही भरा, किराण्याची यादी तुम्ही करा आणि दुकानात पैसेही तुम्हीच द्या. चार माणसांना महिन्याला तेल किती लागतं, तूरडाळ किती, हे विचारून घ्या. रोज एक वेळचा स्वयंपाक आणि स्वतःचे कपडे, एवढं अंगावर घ्या. आई करू देणार नाही. तिला सांगा की हा सराव आहे, बिघडलं तर इथे बिघडू दे.

मुलांना हे जास्त सांगावं लागतं. मुलींना घराने आधीच कामाला लावलेलं असतं, पण बँकेचे आणि कागदांचे व्यवहार त्यांच्या हातात कोणी दिलेले नसतात. दोघांनीही आपापली उणी बाजू ओळखून तिच्यावर भर द्यावा.

आता कागद. सगळ्यात आधी एक गोष्ट तपासा: तुमच्या बँक खात्याला आणि आधारला कोणाचा मोबाइल नंबर जोडलेला आहे? कॉलेजात असताना उघडलेल्या खात्याला बाबांचा किंवा दादाचा नंबर असणं फार सामान्य आहे. मग तुम्ही पुण्यात काही करायला गेलात की ओटीपी गावाकडे, आणि बाबा शेतात. बँकेतला नंबर गावच्या शाखेत जाऊन बदला. आधारचा नंबर आधार केंद्रावर जाऊन बदलता येतो, तेही निघण्यापूर्वीच उरका.

दहावी-बारावीच्या आणि पदवीच्या गुणपत्रिका, जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, डोमिसाइल, पॅन, या सगळ्यांचे नीट स्कॅन करून मेलवर आणि डिजिलॉकरमध्ये ठेवा. मूळ प्रती रुजू होताना दाखवायला न्याव्या लागतील, पण पुढच्या फेरीत त्या परत घरी आणून ठेवा. तीन मुलांच्या खोलीत मूळ कागद सांभाळले जात नाहीत. कंपनी मूळ प्रमाणपत्रं 'जमा करून घेतो' म्हणाली तर देऊ नका. आणि नोकरी देण्यासाठी, प्रशिक्षणासाठी, लॅपटॉपच्या अनामतीसाठी कोणी आधी पैसे मागत असेल तर ती नोकरीच नाही असं समजा.

हातात किती पैसे हवेत

तीन जणांनी मिळून २ बीएचके घ्यायचा ठरवलाय, भाडं २४,००० रुपये, असं धरू. डिपॉझिट दोन महिन्यांचं, म्हणजे ४८,०००. एजंटाची दलाली बहुतेक ठिकाणी एक महिन्याचं भाडं, २४,०००. पहिल्या महिन्याचं भाडं आगाऊ, आणखी २४,०००. झाले ९६,०००. माणशी ३२,०००, आणि अजून गादी घ्यायची आहे.

गादी, बादली-मग, कुकर, दोन पातेली, शेगडी, पंखा नसेल तर तो, असं करत माणशी आठ-दहा हजार आरामात जातात. महिन्याचा जेवण-प्रवास खर्च वेगळा. म्हणजे पन्नास-पंचावन्न हजार जवळ असल्याशिवाय थेट फ्लॅट घेण्याच्या भानगडीत पडू नये. पहिला पगार महिनाअखेरीस येतो, आणि महिन्याच्या पंधरा तारखेनंतर रुजू झालात तर काही कंपन्या तो पुढच्या महिन्यात मिळून देतात. हे एचआरला आधीच विचारा, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

एवढे पैसे नसतील तर पहिले तीन-चार महिने पीजी (पेइंग गेस्ट) किंवा कॉट बेसिस घ्या. कॉट बेसिस म्हणजे खोलीतली एक खाट आणि एक कपाट तुमचं, बाकी सगळं सामायिक. सदाशिव, नारायण पेठेत स्पर्धा परीक्षेची हजारो मुलं अशीच राहत आली आहेत. डिपॉझिट कमी आणि दलाली बहुधा नाही. नोकरी टिकते का, ऑफिस कुठे, शहर मानवतं का, हे कळेपर्यंत हाच शहाणपणाचा मार्ग आहे. नोकरदार मुलींसाठी वसतिगृहं आहेत, केंद्र सरकारच्या 'सखी निवास' योजनेतलीही आहेत. तिथे गेट बंद व्हायची वेळ आधी विचारा. रात्रपाळीची नोकरी आणि नऊची वेळ जमत नाही.

मामाकडचे पहिले दिवस

बऱ्याच जणांची पुण्यातली सुरुवात नातेवाइकांकडे होते. ही सोय मोठी आहे आणि नाजूकही. जाण्यापूर्वीच किती दिवस राहणार ते सांगा, आणि 'जागा मिळेपर्यंत' असं सांगू नका. 'मामी, मी वीस तारखेपर्यंत आहे' असं तारखेनिशी सांगितलं की त्या घरालाही श्वास घेता येतो.

राहायचे पैसे देऊ केलेत तर त्यांना राग येईल. भाजी, दूध, फळं रोज तुम्ही आणा. स्वतःचं ताट उचला, अंथरूण घडी करा, रात्री यायला उशीर होणार असेल तर सहाच्या आत फोन करा म्हणजे पोळ्या वाया जात नाहीत. दोन खोल्यांच्या घरात एक माणूस वाढला की सकाळी बाथरूमची रांग वाढते. तुमची वेळ विचारून ठरवून घ्या. निघताना मामीला काही तरी वस्तू द्या, आणि पुढे दोन-तीन महिन्यांतून एकदा जाऊन या. काम झालं की तोंड न दाखवणाऱ्या भाच्यांची चर्चा सगळ्या नात्यात होते.

जागा पाहताना

ऑफिस कुठे आहे ते नकाशावर बघा आणि तिथून उलट मोजत या. हिंजवडीत नोकरी असेल आणि तुम्ही हडपसरला स्वस्त खोली घेतलीत, तर वाचलेलं भाडं रस्त्यात जाईल आणि सोबत दिवसाचे तीन तासही. पीसीएमसी ते स्वारगेट आणि वनाज ते रामवाडी या मेट्रोच्या दोन मार्गांच्या जवळ जागा मिळाली तर गाडी घेण्याची घाई करावी लागत नाही.

जागा दोनदा बघा, एकदा दिवसा आणि एकदा रात्री आठनंतर. दिवसा उजेड, ओल आणि गळती दिसते. रात्री रस्त्यावरचे दिवे, पार्किंग आणि शेजारचा आवाज. पाण्याबद्दल मालकाला विचारून उपयोग नाही, वॉचमनला विचारा: पाणी किती वाजता येतं, महापालिकेचं की बोअरचं, उन्हाळ्यात टँकर किती लागतात आणि त्याचे पैसे कोण देतं? वाघोलीसारख्या कडेच्या भागांत हा खर्च मेंटेनन्समध्ये दडलेला असतो. मेंटेनन्स भाड्यात धरलाय की वेगळा, हेही त्याच वेळी स्पष्ट करून घ्या.

मुलींनी आणखी दोन गोष्टी बघाव्यात: दाराला आतून कडी आणि पीपहोल आहे का, आणि मुख्य रस्त्यापासून दारापर्यंतचा पट्टा रात्री कसा आहे. रात्रपाळी असेल तर हेही माहीत असू द्या की महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊनंतर काम करण्यासाठी स्त्रीची संमती लागते, आणि तिला घरापर्यंत पोचवायची सोय करण्याची जबाबदारी मालकावर असते.

'बॅचलर चालणार नाहीत' हे ऐकायची तयारी ठेवा. नॉनव्हेज खाता का, आडनाव काय, असेही प्रश्न येतात. मला ते अपमानास्पद वाटतात आणि वाटतच राहतील. पण खोटं सांगून जागा घेतली की अकरा महिने भीतभीत अंडी उकडावी लागतात, त्यापेक्षा दुसरं घर बघितलेलं बरं.

ऑनलाइन जाहिरातींत एक जुना सापळा आहे. फोटो सुंदर, भाडं कमी, मालक 'सैन्यात अधिकारी, सध्या बाहेर पोस्टिंग'. चावी कुरियरने येईल, तुम्ही फक्त टोकन पाठवा किंवा हा क्यूआर कोड स्कॅन करा. प्रत्यक्ष जागा आणि माणूस बघितल्याशिवाय एक रुपया देऊ नका. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, हे पाठ करा. फसवणूक झालीच तर लगेच १९३० वर फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी पैसे वाटेत अडवले जाण्याची शक्यता जास्त.

करारनामा वाचून सही करा

इथे जरा थांबतो, कारण पुढची सगळी भांडणं या कागदावरून होतात.

आपल्याकडे ११ महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी जागा वापरायला दिल्याचा करार, चालतो. ११ महिने म्हणजे नोंदणी लागत नाही, साध्या स्टॅम्प पेपरवर नोटरी पुरे, असं अजूनही काही एजंट सांगतात. महाराष्ट्रात ते चूक आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ नुसार असा करार लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो, मुदत कितीही असो. नोंदणीची जबाबदारी मालकावर आहे. न केल्यास त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. याच कलमात भाडेकरूच्या फायद्याची एक ओळ आहे. नोंदणीकृत करार नसेल तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल भाडेकरूचं म्हणणं खरं धरलं जातं, उलट सिद्ध होईपर्यंत.

खर्चही फार नाही. मुद्रांक शुल्क ०.२५ टक्के, आणि ते मोजताना पूर्ण मुदतीचं भाडं अधिक परत मिळणाऱ्या डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरतात. आपल्या उदाहरणात २४,००० गुणिले ११ म्हणजे २,६४,०००, त्यात व्याजाचे ४,४००. एकूण २,६८,४०० वर शुल्क झालं ६७१ रुपये. नोंदणी फी शहरी भागात १,००० रुपये. एजंटाची फी आणि किरकोळ शुल्क वेगळं. एजंट घरी थंब मशीन घेऊन येतो, आधारवरून अंगठा घेतो आणि दोन-चार दिवसांत पीडीएफ येतं. हा खर्च मालक आणि भाडेकरू बहुधा निम्मा-निम्मा करतात.

सही करण्यापूर्वी मसुदा मागा आणि सगळा वाचा. पुढच्या गोष्टींवर बोट ठेवा:

- नोटीस किती दिवसांची? ती दोन्ही बाजूंना सारखी आहे का?
- लॉक-इन आहे का? सहा महिन्यांच्या आत सोडलं तर उरलेल्या महिन्यांचं भाडं मागणारे करार असतात. नव्या नोकरीत बदली कधी होईल सांगता येत नाही.
- सोडताना रंगकामाचे पैसे कापणार का आणि किती? काही मालकांची एक महिन्याचं भाडं सरसकट कापण्याची प्रथा आहे. ती लिहिलेली नसेल तर नंतर तोंडी लादू देऊ नका.
- डिपॉझिट कधी परत? 'जागा सोडल्यानंतर' असं नको, 'ताबा देताना' असं हवं.
- राहणाऱ्या सगळ्यांची नावं करारात आहेत का?

मुदत संपूनही जागा सोडली नाही तर कलम २४ नुसार दुप्पट भाड्याइतकी भरपाई मागता येते, तेव्हा नूतनीकरण शेवटच्या दिवसावर ढकलू नका. भाडेकरूची माहिती पोलिसांना द्यायचं काम मालकाचं असतं. झालं का ते विचारा आणि त्याची प्रत ठेवा. हाच नोंदणीकृत करार पुढे बँक, गॅस, आधारचा पत्ता, सगळीकडे पत्त्याचा पुरावा म्हणून लागतो.

चावी मिळाली की सामान लावण्यापूर्वी घराचा व्हिडिओ काढा. भिंतींवरचे डाग, तुटकी टाइल, गळका नळ, गीझर, वीज मीटरचं रीडिंग, सगळं त्यात येऊ द्या आणि त्याच दिवशी मालकाला व्हॉट्सअॅप करा. आधीचं लाइट बिल थकलेलं नाही ना, ते ग्राहक क्रमांक टाकून महावितरणच्या अॅपवर दिसतं.

तिघं एकत्र राहताना

दोस्ती असली तरी टीटीएमएम, तुझं तू माझं मी, हे पहिल्या दिवशी ठरलेलं बरं. भाडं, वीज, इंटरनेट, कामवाल्या ताई आणि पिण्याचं पाणी, एवढं सामायिक. बाकीचं ज्याचं त्याने. हिशोबाच्या एखाद्या अॅपवर त्या त्या दिवशी टाकत जा, महिनाअखेरीला आठवून कोणाचंच जुळत नाही.

खरं भांडण होतं ते एक जण मध्येच निघाला की. त्याच्या वाट्याचं डिपॉझिट कोण देणार? साधा नियम करा: जो जाईल त्याने बदली माणूस आणायचा, तो इतर दोघांना पसंत असायला हवा, आणि आलेल्याने गेलेल्याला डिपॉझिट द्यायचं. मालकाला कळवून करारात नाव बदलून घ्या, नाहीतर कागदावर एक आणि घरात दुसराच.

ताईंचा पगार ठरलेल्या तारखेला द्या, महिन्याच्या दोन सुट्ट्या आणि दिवाळीचा बोनस आधीच बोलून घ्या. तीन बॅचलरांच्या ओट्यावरची भांडी बघून त्या सोडून गेल्या तर दोष त्यांचा नाही.

विजेचं एक गणित बघा. २,००० वॉटचा गीझर अर्धा तास चालला की एक युनिट. तिघांनी रोज अर्धा-अर्धा तास चालवला तर महिन्याला ९० युनिट नुसत्या आंघोळीचे. महावितरणचा घरगुती दर पहिल्या १०० युनिटना कमी असतो आणि १०१ पासून पुढच्या टप्प्याचा चढा लागतो. म्हणजे पंखा, फ्रिज, चार्जिंग सगळं महाग टप्प्यात गेलं. तिघांनी लागोपाठ आंघोळी केल्या तर पाणी पुन्हापुन्हा तापवावं लागत नाही.

पोटाचं काय

पुण्यात महिन्याची मेस लावणं हा सोपा उपाय. लावण्याआधी दोन दिवस पैसे देऊन जेवून बघा. खाडे किती मिळतात ते विचारा: तुम्ही गावी गेलात तर ते दिवस पुढे धरतात की बुडतात? बहुतेक मेस रविवारी दुपारी गोडधोड देतात आणि संध्याकाळी बंद असतात. म्हणून रविवारची रात्र तरी स्वतःला रांधता यायला हवी.

मधला मार्ग मला सगळ्यात आवडतो. पोळ्या पोळीभाजी केंद्रातून आणायच्या आणि वरण-भात, भाजी घरी. पोळ्या लाटणं हेच वेळखाऊ काम, ते पैसे देऊन सुटतं. एवढे चार पदार्थ आले की महिना निघतो: वरण-भात, मुगाची खिचडी, पिठलं आणि मटकीची उसळ. कुकरमध्ये खालच्या भांड्यात डाळ, हळद, हिंग आणि डाळीच्या तिप्पट पाणी. वरच्या भांड्यात तांदळाच्या दुप्पट पाणी. तीन-चार शिट्ट्या. वाफ आपसूक जिरेपर्यंत झाकणाला हात लावू नका. मटकी सकाळी भिजवा, रात्री उपसून फडक्यात बांधा, दुसऱ्या दिवशी मोड येतात. थंडीत जास्त वेळ लागतो. पिठल्याला बेसन आधी पाण्यात गुठळ्या मोडून कालवायचं, फोडणीत कोरडं टाकायचं नाही. घरून लसणाची चटणी, मेतकूट आणि गोडा मसाला आणा. विकतच्या मसाल्याने पोट भरतं, पण आमटीला घरची चव काही येत नाही.

गॅससाठी १४.२ किलोच्या जोडणीला पत्त्याचा पुरावा लागतो. तोवर पाच किलोचा छोटा सिलिंडर ओळखपत्रावर मिळतो, इंडेनचा 'छोटू' त्यातलाच. बाजारात चोरून भरलेले छोटे सिलिंडर स्वस्त मिळतात, ते घेऊ नका. नळी आयएसआयची, केशरी सुरक्षा ट्यूब, आणि तिच्यावरची तारीख पाहून पाच वर्षांत बदला. वास आला तर बटणाला हात लावू नका, खिडक्या उघडा, रेग्युलेटर बंद करा आणि १९०६ वर फोन करा.

पगाराची स्लिप

'पॅकेज ४.२ लाख' म्हणजे महिन्याला ३५,००० हातात, हा पहिला गैरसमज. मूळ पगार १७,५०० असेल आणि पीएफ (भविष्य निर्वाह निधी) १५,००० च्या मर्यादेवर कापत असतील, तर कंपनीचे १,८०० आणि ग्रॅच्युइटीचे सुमारे ८४० हे पॅकेजमध्येच धरलेले असतात. मग त्याच १५,००० वर तुमच्या वाट्याचे १२ टक्के, आणखी १,८००. व्यवसाय कर २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २,५००. महाराष्ट्रात महिना २५,००० पर्यंत पगार असलेल्या स्त्रियांना हा कर नाही. शेवटी हातात पडतात ३०,३०० च्या आसपास. व्हेरिएबल पे, म्हणजे कामगिरीवर ठरणारा पगाराचा भाग, असेल तर आणखी कमी.

आयकराची धास्ती पहिल्या नोकरीत बहुतेकांना लागू नाही. २०२५-२६ पासून नव्या करप्रणालीत प्रमाणित वजावटीसह १२.७५ लाखांपर्यंतच्या पगारावर कर शून्य आहे. भाडेपावत्या दाखवून मिळणारी एचआरएची (घरभाडे भत्त्याची) सूट जुन्या प्रणालीतच मिळते, म्हणून कंपनीने विचारल्याशिवाय त्यामागे धावू नका.

पीएफचा यूएएन हा क्रमांक आयुष्यभर एकच. नोकरी बदलली की जुनी शिल्लक नव्या खात्यात वळवा, काढून खाऊ नका. ई-नॉमिनेशन पहिल्याच महिन्यात भरा, आई-वडिलांचं नाव चालतं; लग्नानंतर ते नामनिर्देशन रद्द होतं आणि नवं भरावं लागतं. ढोबळ पगार २१,००० पर्यंत असेल तर ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) लागू होतं, ०.७५ टक्के कापतात आणि त्यावर उपचार मिळतात.

आता वाटणी. ज्या खात्यात पगार येतो त्याचं कार्ड आणि यूपीआय रोजच्या खर्चाला वापरू नका. दुसरं खातं काढा, एक तारखेला त्यात महिन्याचा खर्च टाका आणि चहापासून सिनेमापर्यंत सगळं तिथूनच. ते संपलं की महिना संपला. तीन महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम बाजूला साठेपर्यंत शेअर, क्रिप्टो, मित्राची 'स्कीम', सगळं बंद. क्रेडिट कार्ड घ्यायला हरकत नाही, पण पूर्ण बिल भरायची शिस्त असेल तरच. 'किमान देय' भरत राहिलात तर बहुतेक कार्डांवर व्याज महिन्याला तीन टक्क्यांच्या पुढे असतं. मोबाइलवरच्या झटपट कर्जाच्या अॅपना संपर्क यादी उघडून देऊ नका.

घरी काय सांगायचं, किती पाठवायचं

घरी पैसे पाठवायचे असतील तर उरलं ते पाठवू, असं ठेवू नका. आकडा पहिल्या पगाराच्या वेळीच बोलून ठरवा, तो लहान असला तरी चालेल, आणि ठरलेल्या तारखेला पाठवा. घराला अंदाज बांधता येतो आणि तुम्हालाही. बहिणीचं लग्न, बोअर, ट्रॅक्टरचा हप्ता, असं मोठं काही आलं तर त्यासाठी वेगळं बोलणं करा. चुलत्याच्या कर्जाला जामीन राहायची वेळ आली तर आधी हे लक्षात घ्या की त्याने थकवलं तर वसुली तुमच्याकडून होते आणि तुमचा सिबिल स्कोअर, म्हणजे बँकांना दिसणारी तुमची पतही पडते.

फोनची वेळ ठरवा. रोज रात्री जेवल्यावर दहा मिनिटं पुरतात, पण ती चुकवू नका. ताप आलेला लपवू नये आणि बॉसची प्रत्येक कुरबुर सांगूही नये. आईला रात्रभर झोप लागत नाही आणि सकाळी तुम्ही ती गोष्ट विसरलेले असता. पालकांनाही एक सांगायचं आहे: पगार किती शिल्लक राहिला हे दर महिन्याला विचारू नका. तीन महिन्यांनी विचारा.

पहिल्या दोन-तीन महिन्यांत घराची आठवण येऊन जीव कासावीस होतो, विशेषतः रविवारी. ते होणारच. पण झोप उडाली, जेवण जाईना, कामावर जावंसं वाटेना असं आठवडेच्या आठवडे चाललं तर १४४१६ या टेलि-मानस क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

आजारपण आणि अडीअडचण

धडधाकट असतानाच घराजवळचा एक डॉक्टर आणि एक मोठं रुग्णालय बघून ठेवा. कंपनीच्या आरोग्य विम्याचं ई-कार्ड फोनमध्ये असू द्या आणि कोणती रुग्णालयं कॅशलेस आहेत ते बघा. नोकरी सुटली की हा विमाही सुटतो, म्हणून वर्षभरात स्वतःची छोटी पॉलिसी काढा. तरुणपणी हप्ता कमी बसतो. रुग्णवाहिकेला १०८, बाकी कुठल्याही तातडीला ११२. एक जादा चावी रूममेटशिवाय दुसऱ्या कोणाकडे तरी ठेवा. गावची गाडी आणलीत तर एमएच २४ ची पाटी पुण्यात चालते, राज्य बदलत नसल्याने पुन्हा नोंदणी लागत नाही. विमा आणि पीयूसी मात्र चालू हवं.

दीर्घकाळ राहणार असाल तर मतदार यादीतला पत्ता फॉर्म ८ भरून बदलता येतो. गावच्या ग्रामपंचायतीला मतदान करायचं असेल तर तो तसाच राहू द्या, पण दोन्हीकडे नाव ठेवणं गुन्हा आहे.

जागा सोडताना

नोटीस लेखी द्या, व्हॉट्सअॅप आणि मेल दोन्हीवर. शेवटच्या आठवड्यात भिंतीतले खिळे काढून भोकं भरा, गीझर-पंखे चालू असल्याचा व्हिडिओ काढा आणि पहिल्या दिवशीच्या व्हिडिओशेजारी ठेवा. मीटरचं रीडिंग घेऊन शेवटच्या बिलाचा अंदाज मालकाबरोबर बसून काढा. 'बिल आलं की बघू' म्हणून दहा हजार अडकवून ठेवू देऊ नका. सोसायटीचं आणि इंटरनेटचं काही थकलेलं नाही ना ते बघा. 'शेवटच्या दोन महिन्यांचं भाडं डिपॉझिटमधून वळतं करा' असं काही जण सुचवतात. मालक मान्य असेल आणि ते मेसेजवर असेल तर हा मार्ग दोघांनाही सोपा पडतो, परस्पर मात्र करू नका. कापलेल्या प्रत्येक रकमेचा हिशोब लेखी मागा. डिपॉझिट खात्यात जमा झाल्याचा बँकेचा मेसेज आला की मगच चाव्या हातात द्या, आणि किती चाव्या दिल्या तेही मेसेजमध्ये लिहा.